तू त्याला ‘जा’ म्हणालीस

पुणे,
रविवार

ती. ताईस,


दहाव्याला घाटावर कावळा शिवायला वेळ लागला तेव्हा ‘धाकट्यात जीव अडकलाय दाजींचा’ असं मागून कोणीतरी पुटपुटलं. ते घरी येऊन तुझ्या कानावर घालणारंही कोणीतरी निघालं, हे काल थोरल्या सुनेशी बोलताना कळलं. मी तिथंच उभा होतो. पलीकडे आणखी दोघांचे पिंड मांडले होते आणि कावळे तिकडे रमले होते. तिकडचं आटोपलं तसे इकडे आले. याहून जास्त त्यात काही नव्हतं.

सुतक फिटायच्या आत धाकटा कबड्डीच्या मॅटवर उतरला, टीव्हीवर दिसला, यावरून जे चाललंय त्यातला निम्मा वाटा तुझ्या नावावर जमा आहे. ‘आईनंच धाडलं म्हणे.’ हो, धाडलंस. सावडून आल्यावर त्याला मधल्या खोलीत नेऊन तू काय सांगितलंस ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. बाहेर आला तो बॅग भरायलाच लागला, एवढं मी पाहिलं. आता रात्री तुला झोप लागत नाही, आपण पोराला बापाचं दुःखसुद्धा करू दिलं नाही असं वाटतं, हेही कळलं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

माझं आयुष्य क्रीडापान लावण्यात गेलं. ‘दुःख गिळून मैदानात’ हा मथळा आमच्याकडे जवळजवळ तयारच असायचा, फक्त नाव बदलायचं. त्या बातम्यांमध्ये एक बाई पुन्हा पुन्हा भेटायची. घरात मयत झालेलं असायचं, आणि ‘तू जा, खेळ’ असं ती लेकाला सांगायची. तिला आम्ही शेवटच्या परिच्छेदात टाकायचो आणि जागा कमी पडली तर पहिली कात्री तिच्यावरच चालायची.

1999 चा वर्ल्ड कप तुला आठवत असेल. सचिनचे वडील रमेश तेंडुलकर गेले तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. ते कीर्ती महाविद्यालयात मराठी शिकवायचे, कवी होते. बातमी सांगायला त्याची बायको अंजली रात्री लेस्टरच्या हॉटेलवर त्याच्या खोलीत गेली. तो मुंबईला आला, अंत्यविधी झाले. तिकडे त्याच्याविना खेळताना भारत झिम्बाब्वेकडून तीन धावांनी हरला. घरात बसून तो काय करणार, त्याच्या वडिलांनाही हे आवडलं नसतं, असं म्हणून त्याच्या आईनं, रजनीताईंनी, त्याला परत पाठवलं. 23 मेला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध त्यानं 101 चेंडूंत नाबाद 140 धावा काढल्या. शतक झाल्यावर आकाशाकडे पाहिलेला तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. मी तेव्हा पानावर होतो, तो फोटो आम्ही चांगला मोठा लावला.

फोटोत नसलेलं सांगतो. त्या वेळी साहित्य सहवासातल्या घरात रजनीताई होत्या. आयुर्विमा महामंडळात नोकरी करून संसार चालवलेली बाई. नवरा जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, आणि ज्याच्या असण्यानं घर जरा भरलं असतं त्याला त्यांनी स्वतःच विमानात बसवलं होतं. दारी येणाऱ्या माणसांना पाणी देणं, तीच हकिगत पंचविसांदा सांगणं, हे सगळं मागे राहिलेल्यांच्या वाट्याला आलं असणार. याच रजनीताईंनी मुलाला मैदानावर खेळताना प्रत्यक्ष पाहिलं ते थेट नोव्हेंबर 2013 मध्ये, वानखेडेवर, त्याच्या दोनशेव्या आणि शेवटच्या कसोटीत. चोवीस वर्षं त्या कधी स्टेडियमवर गेल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत कोणी त्यांना ‘पोराला सुतकात धाडलं’ म्हटलं असेल का? म्हटलंही असेल. पण पोरानं 140 केले म्हणून ते बोलणं विरलं असणार. शून्यावर बाद झाला असता तर? मला या सगळ्या कौतुकातली हीच गोष्ट खटकते. धावा झाल्या तर धैर्य, नाही झाल्या तर ‘बाप गेल्यावर तरी घरी बसायचं’. पोरगा तोच आणि आईही तीच असते.

मोहम्मद सिराजचं तर तू टीव्हीवर पाहिलंयस. हैदराबादला रिक्षा चालवून त्याला वाढवणारे वडील 20 नोव्हेंबर 2020 रोजी गेले. संघ ऑस्ट्रेलियात कोरोनाच्या विलगीकरणात होता. क्रिकेट मंडळानं परत जायची मुभा दिली होती, पण तो थांबला. आईनं फोनवर सांगितलं होतं की तुझ्या वडिलांचं स्वप्न पुरं कर. तेव्हा कोणाला कोणाच्या खोलीत जायची सोय नव्हती, म्हणजे खांद्यावर हात ठेवायलाही कोणी नाही. बापाला माती द्यायला तो नव्हता. मेलबर्नला त्यानं कसोटी पदार्पण केलं, सिडनीत राष्ट्रगीत चालू असताना त्याचे डोळे वाहत होते, त्याच सामन्यात प्रेक्षकांतून त्याच्या वर्णावरून शिवीगाळ झाली, आणि ब्रिस्बेनला त्यानं 73 धावांत 5 बळी घेतले. जानेवारीत हैदराबादला उतरला तो विमानतळावरून घरी गेला नाही, आधी कबरस्तानात गेला. दोन महिने त्यानं दुःख बाजूला ठेवलं होतं आणि उतरल्या उतरल्या हातात घेतलं. म्हणून ‘दुःख गिळून’ हे मला कधीच पटलं नाही. ते गिळलं जात नाही, कुठंतरी ठेवलेलं असतं.

मग मैदानावर काय होतं? इथं तुझ्या पोराचाच खेळ बघ. चढाईला मिळतात तीस सेकंद. समोर सात जण, दोन्ही कोपऱ्यांवर पाय धरायला टपलेले. तोंडानं ‘कबड्डी कबड्डी’ चालू ठेवायचं, पाय बोनस रेषेकडे, नजर साखळीवर. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणायचाच, नाहीतर बाहेर. त्या तीस सेकंदांत माणसाला बापाचं मरण आठवू शकत नाही. त्याला वेळच नसतो. चढाई संपली, रेषेच्या अलीकडे आला, की पुन्हा आठवणार. पण सामना चाळीस मिनिटांचा असतो, आणि त्या चाळीस मिनिटांत थोडा थोडा वेळ डोक्याला सुटी मिळते. घरी बसलेल्याला ती मिळत नाही. तुला मिळाली नाही. घाटावर कुजबुजणाऱ्यांना वाटतं पोरगा दुःख विसरून खेळला. खरं म्हणजे दिवसभरात श्वास घेण्यापुरती जी एक जागा त्याच्याकडे होती तिथं तो गेला.

परवा त्यानं मला फोन केला होता. तुला सांगू नको म्हणाला नव्हता, म्हणून सांगतो. दाजी त्याच्या प्रत्येक सामन्याच्या चढाया वहीत टिपायचे ना, रिकाम्या चढाईला फुली मारून? सामना संपला की पाचव्या मिनिटाला तो त्यांना फोन लावायचा आणि आधी फुल्यांचा हिशोब ऐकायचा. तो म्हणाला, ‘मामा, खेळताना काही होत नाही. शॉवर घेऊन आलो की हात मोबाईलकडे जातो. तेवढी पाच मिनिटं अवघड जातात.’ मी म्हटलं, मला लाव. म्हणाला, ‘तुमच्या फुल्या कमी पडतील.’ दोघंही हसलो. खरंय, मी मोजणीत कच्चा.

तू काळजी करतेस ती उशिराच्या दुःखाची. ती काळजी खोटी नाही. विराट कोहलीचे वडील गेले तेव्हा तो अठराचा होता. डिसेंबर 2006, कोटला मैदानावर दिल्ली-कर्नाटक रणजी सामना, आदल्या संध्याकाळी तो 40 वर नाबाद. रात्री वडील गेले. सकाळी मैदानावर गेला, 90 धावा केल्या, फॉलोऑन टाळायला हातभार लावला आणि मग अंत्यविधीला गेला. त्या रात्री घरचे सगळे रडत होते, पण त्याला रडूच आलं नाही, असं त्यानंच नंतर सांगितलंय. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन उलट्या वाटेनं गेला. जुलै 1993 मध्ये महामार्गाच्या कडेला गाडीत झोपलेल्या त्याच्या वडिलांना लुटारूंनी मारलं. तेव्हा तो जगातला सर्वांत मोठा खेळाडू होता. ऑक्टोबरात त्यानं खेळ सोडला आणि बेसबॉलच्या एका दुय्यम संघात जाऊन खेळला, कारण त्यानं बेसबॉल खेळावा ही वडिलांची इच्छा होती. मार्च 1995 मध्ये परत आला. 16 जून 1996 रोजी त्याच्या संघानं विजेतेपद मिळवलं, आणि त्या दिवशी तिकडे पितृदिन होता. बाहेर जल्लोष चालू असताना हा कपडे बदलायच्या खोलीत जमिनीवर पडून, चेंडू कवटाळून हुंदके देत होता. बाप जाऊन तीन वर्षं झाली होती.

आणि इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्स. वडिलांना मेंदूचा कर्करोग झाला म्हणून 2020 मध्ये चालू कसोटी मालिका सोडून तो न्यूझीलंडला त्यांच्याजवळ गेला. डिसेंबरात ते गेले. पुढच्या जुलैत त्यानं मनःस्वास्थ्यासाठी क्रिकेटच थांबवलं आणि काही महिन्यांनी परतला. त्याला कोणी पळपुटा म्हणालं नाही, हे बरं झालं. राहणारा आणि जाणारा, दोघांचंही मला सारखंच पटतं. धाकट्यानं उद्या ‘मामा, या हंगामात मला जमत नाही’ म्हटलं तर मी त्याचं तिकीट काढीन.

अर्थात स्टोक्स थांबू शकतो. आपल्या पोराचा करार एका हंगामाचा. बाकावर त्याच्यामागे आणखी दोन चढाईपटू बसलेत, दोघेही त्याच्यापेक्षा लहान. दाजींच्या दवाखान्याचं बिल आणि शेतावरचं कर्ज तुला तोंडपाठ आहे. तू त्याला पाठवलंस त्यात हाही हिशोब असेल तर त्याची लाज बाळगू नकोस. गिरणीतला कामगार तिसऱ्या दिवशी पाळीवर गेला तर कोणी नाक मुरडत नव्हतं. खेळाचा पगार टीव्हीवर मिळतो, एवढाच फरक.

एक प्रकार मात्र असा आहे की त्यात मैदानच आसरा देत नाही. ऑस्ट्रेलियाच्या फिल ह्यूज या फलंदाजाचं मला अजून वाचवत नाही. 25 नोव्हेंबर 2014, सिडनी. 63 वर खेळत होता. उसळता चेंडू हुकला आणि हेल्मेटच्या खाली मानेवर बसला. दोन दिवसांनी तो गेला, सव्विसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता. लोक ह्यूजसाठी रडले आणि रडायलाच हवं होतं. मला राहून राहून आठवतो तो शॉन ॲबट. चेंडू टाकणारा बावीस वर्षांचा पोरगा. नियमात बसणारा, रोज शंभर वेळा टाकला जातो तसला चेंडू. दोनच आठवड्यांत तो त्याच सिडनीच्या मैदानावर परत गोलंदाजीला आला, आणि त्या सामन्यात क्वीन्सलंडविरुद्ध 14 धावांत 6 बळी घेऊन गेला. तो पहिला उसळता चेंडू टाकताना त्याच्या मनगटाला काय वाटलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. त्याच दिवसांत ॲडलेडला भारताविरुद्धची कसोटी होती. कोहली आला, मिचेल जॉन्सनचा पहिलाच चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळला, आणि ऑस्ट्रेलियाचे खेळाडू चारी बाजूंनी त्याच्याकडे धावले. जॉन्सनचा चेहरा उतरला होता. दोन आठवड्यांपूर्वी असता तर तो तसाच चार पावलं पुढे येऊन टक लावून बघत उभा राहिला असता. मग कोहलीनं त्या डावात शतक केलं आणि जॉन्सन पुन्हा उसळते चेंडू टाकू लागला. खेळ चालू राहतो म्हणजे नेमकं काय होतं ते मला त्या दिवशी दिसलं. कोणी काही विसरलं नव्हतं. काम होतं, आणि ते ज्यांना येत होतं ते करत होते.

आता तुझ्यापुरतं. तो हंगाम संपवून येईल तेव्हा गल्लीतली पोरं फलक लावायचं म्हणतायत, त्यावर दाजींचाही फोटो टाकणार आहेत म्हणे. ते मी थांबवतो. ‘बापासाठी खेळला’ हे त्याच्या गळ्यात कायमचं अडकवू नये असं मला वाटतं. पुढच्या वर्षी गुडघा दुखतोय म्हणून बसला तर बापासाठी बसला का असं विचारतील. तूही त्याला शूर वगैरे म्हणू नकोस. आल्यावर झोपू दे. रडला तर रडू दे, नाही रडला तर का रडत नाहीस म्हणू नकोस. आणि तुझ्या वाटणीचं रडू त्याच्यासाठी राखून ठेवू नकोस. त्याला रोज चाळीस मिनिटं मिळतात, तुला तेवढीही नाहीत. भजनी मंडळात पुन्हा जायला लाग. तेराव्यानंतर चालतं, भटजींना मी विचारलंय.

वारस नोंदीचं राहिलं होतं. तलाठ्याला तीन महिन्यांच्या आत कळवावं लागतं, त्यामुळे घाई नाही. अर्ज मी इथून भरून पाठवतो. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती थोरल्याकडून काढून घे आणि सातबाराचा ताजा उतारा जोड. धाकट्याला सहीसाठी बोलावू नकोस, मधल्या सुट्टीत त्याच्या संघाचा मुक्काम पुण्यात आहे, तेव्हा मीच हॉटेलवर जाऊन सही घेईन. दाजींची वही मात्र तुझ्याजवळच ठेव, तो मागेपर्यंत.

तुझा,
धाकटा भाऊ