देवमाशाचे पाय

देवमाशाला मासा म्हणण्याची रूढी जुनी असली, तरी तो मासा नव्हे. त्याला कल्ले नसतात; श्वासासाठी त्याला वारंवार पाण्याच्या पृष्ठभागावर यावे लागते. मादी पिलाला दूध पाजते. माशाची शेपटी डावीउजवीकडे हलते. देवमाशाची मात्र, दौडत्या श्वापदाचा कणा लवावा तशी, वरखाली हलते. जमिनीवरील प्राण्यांची ही लक्षणे भर समुद्रात कोठून आली?

१८५९ साली चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने जीवजातींच्या उगमाविषयी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आजचे सजीव पूर्वीच्या सजीवांपासून हळूहळू बदलत उत्पन्न झाले, असे त्याचे प्रतिपादन होते. पोहता पोहता तोंड उघडे ठेवून किडे पकडणाऱ्या अस्वलाचे वंशज कालांतराने देवमाशासारखे होऊ शकतील, असेही त्याने सुचविले. त्यावर इतका उपहास झाला, की पुढे त्याने ती कल्पना ग्रंथातून गाळली. अस्वलाचे उदाहरण चुकीचेच होते. दिशा मात्र अचूक होती.

बायबलातील सृष्टिकथा अक्षरशः सत्य मानणाऱ्यांना हा विचार रुचला नाही. ईश्वराने प्रत्येक जात स्वतंत्रपणे निर्माण केली, अशी त्यांची श्रद्धा. जमिनीवरचा प्राणी समुद्रात गेला असेल, तर पाय असलेला देवमासा कोठे आहे, असा त्यांचा प्रश्न असे. प्रश्न रास्त होता. पुरावा मागण्याचा अधिकार सर्वांनाच आहे. आणि शंभराहून अधिक वर्षे या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नव्हते.

ते पाकिस्तानातील खडकांत दडलेले होते. तेथे सापडलेल्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या एका कवटीचे वर्णन १९८१ साली प्रसिद्ध झाले. या प्राण्याचे नाव पाकिसीटस. त्याच्या कानाची ठेवण देवमाशाची. पुढे मिळालेले पाय मात्र चांगले चालणाऱ्याचे! १९९४ साली चालणारा आणि पोहणाराही अँब्युलोसीटस जगापुढे आला. इजिप्तच्या वाळवंटात तर प्रचंड देहाचा, पण मागे इवलेसे पाय असलेला बॅसिलोसॉरस मिळाला.

अमेरिकेतील डोव्हर येथे हा वाद न्यायालयात गेला, तेव्हा देवमाशाच्या या पूर्वजांचीही साक्ष निघाली. सजीव कोणा बुद्धिमान कर्त्याने घडविले, हे मत विज्ञान नसून धर्ममत आहे; सरकारी शाळेत ते विज्ञान म्हणून शिकविता येणार नाही, असा निकाल डिसेंबर २००५ मध्ये लागला.

यानंतरची हकीकत आपल्याकडची आहे. भूवैज्ञानिक ए. रंगराव यांनी काश्मीरमधील कालाकोट परिसरातून जीवाश्मांचे पुष्कळ दगड गोळा केले होते. त्यांच्या मृत्यूनंतर ते तसेच पडून राहिले. पुढे त्यांच्या पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाच्या स्वाधीन केले. दगड साफ करताना त्यांच्या साहाय्यकाच्या हातून एक कवटी चुकून फुटली. आत पाहतात तो कानाच्या हाडाची भिंत एका बाजूस जाड, अगदी देवमाशाच्या कानासारखी! मांजराएवढ्या, हरणासारख्या दिसणाऱ्या या प्राण्याचे नाव इंडोहायस. तो देवमाशाचा थेट पूर्वज नव्हे. निकटचा भाऊबंद होय. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले.

वाद अद्याप मिटलेला नाही. मधला दुवा सापडला, की एका रिकाम्या जागेच्या दोन झाल्या, असे विरोधक म्हणतात. पण देवमाशाच्याच कुळातील डॉल्फिनचा गर्भ पाहावा. त्याला आरंभी मागील पायांचे दोन अंकुर फुटतात आणि जन्मापूर्वीच ते विरून जातात.