ज्यांना सूतक नसते

मनुष्य मेल्यावर त्याच्यामागे कोणी किती दिवस शोक पाळावा, याची मोजमापे आमच्या धर्मशास्त्रकारांनी फार बारकाईने घालून दिली आहेत. जवळच्या भाऊबंदांना दहा दिवस, काहींना तीन, आणि त्याहून दूरच्यांना नुसते स्नान! या कोष्टकांची थट्टा करण्याची आमच्यासारख्या पदवीधरांना मोठी हौस असते. परंतु सोवळ्याओवळ्याचा भाग सोडून दिला, तर त्यांत एक शहाणपण उरतेच. शोक करणाऱ्यास त्यांनी कामातून सुट्टी दिली. मात्र ज्या बाईने एखाद्या म्हातारीला शेवटची दोन वर्षे चमच्याने पेज भरविली, पाठीला जखमा पडू नयेत म्हणून रात्रीबेरात्री उठून कुशीवर वळविले, ती जर म्हातारीची कोणीच नसेल, तर तिला सूतक किती दिवसांचे? या प्रश्नास कोष्टकात उत्तर नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमात आमचे अधूनमधून जाणे होते. दोघातिघा वृद्धांना वर्तमानपत्र वाचून दाखवावयाचे, एवढेच आमचे काम. तेथील एक सेविका अक्राणीच्या डोंगरातली. तिची भाषा निराळी, म्हाताऱ्यांची अहिराणी निराळी. तरी दोहोंमध्ये तिने आपली वाट पाडून घेतली आहे. एक आजी तिला रोज विचारतात, “मना आंडोर कव्हय येई?” माझा मुलगा कधी येणार? मुलगा येणार नाही, हे सेविकेला ठाऊक आहे, आणि कदाचित आजींनाही. सेविका म्हणते, “येईल हो आजी, आधी दोन घास खा.” हे खोटे म्हणावे, तर त्या दोन घासांचे काय करावे?

सिसेरोने वार्धक्यावर एक सुंदर निबंध लिहिला आहे. त्यात वृद्धांचे समाधान आहे, शेतीची आवड आहे, मृत्यूविषयी निर्भयता आहे. पण त्या वृद्धांना स्नान कोण घालीत असे, याविषयी फारसे काही नाही. ते काम रोमन घरांत गुलामांचे. त्यांच्या मनाची चौकशी कोण करणार? ती चौकशी पुष्कळ उशिरा सुरू झाली. आर्ली हॉशचाइल्ड या अमेरिकन विदुषीने १९८३ साली विमानातील परिचारिकांविषयी ग्रंथ लिहून दाखविले की, काही नोकऱ्यांत हातपायांबरोबर भावनाही मजुरीला लावाव्या लागतात. हसू हा कामाचाच भाग असतो. विचार मार्मिक आहे. पण विमानातला उतारू काही तासांनी उतरून जातो. वृद्धाश्रमातली आजी उतरत नाही. ती रोज तेच तोंड पाहते, आणि उसने हसू तिला तिसऱ्या दिवशी ओळखू येते. म्हणून येथे माया खरीच लावावी लागते, आणि खरी माया लावली म्हणजे तिचा हिशेब पगारपत्रकात बसत नाही.

गेल्या पावसाळ्यात तेथील एक म्हातारी वारली. नातलग आले, मोठ्याने रडले. सेविका त्यांना पाणी देत होती, चहा देत होती. त्या देहाचा प्रत्येक सांधा, प्रत्येक खोड तिला माहीत. परंतु रडण्याचा मान तिचा नव्हता. उघडीप होताच तिने गादी उन्हात टाकली, आणि संध्याकाळी उरलेल्यांना भरवावयास बसली. चारपाच दिवसांत त्या खाटेवर दुसऱ्या आजी आल्या. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली अशा शोकाला नावही दिले आहे. ज्यावर जगाने हक्कच मान्य केला नाही, असा शोक. नाव दिल्याने दुःख हलके होत नाही, हे खरे. पण त्याला बसावयास पाट तरी मिळतो.

आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी निदान एक, कमीत कमी १५० जणांचा वृद्धाश्रम असावा, अशी योजना आहे. कलमात माणसांचा आकडा आहे. भरविणाऱ्या हातांचा नाही.

आणि आमच्या जिल्ह्यात तर आणखी एक गुंता आहे. १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे दर दहांतील जवळजवळ सात माणसे आदिवासी. दिवाळीनंतर कर्ती मंडळी ऊसतोडीला गुजरातेत जातात. पाड्यांवर म्हातारी आणि नातवंडे उरतात. या सेविकेची आईही अशाच पाड्यावर, तिच्या मुलाला सांभाळीत बसलेली. “आईची आठवण येते का?” असे आम्ही एकदा विचारले. “यांची वेणी घालते तेव्हा येते,” ती म्हणाली, आणि बादली उचलून निघून गेली. परक्यांच्या आईसाठी तिला पगार मिळतो. तो पगार पाठवून ती स्वतःची आई जगविते. यात दोष कोणाला द्यावा, हे आम्हांस सांगता येणार नाही.

होळी जवळ आली म्हणजे उसाच्या फडांतली माणसे डोंगराकडे परतू लागतात. काठीच्या राजवाडी होळीचे ढोल वाजावयाचे असतात. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांची मात्र तारांबळ. सगळ्यांचे रजेचे अर्ज एकदम. यंदा तिने चार दिवस मागितले, दोन मिळाले. निघण्यापूर्वी ती बदली आलेल्या मुलीला खाटेखाटेशी उभे करून समजावीत होती: या आजोबांना दूध कोमट लागते, यांच्या डाव्या कानाशी बोलावे, या रात्री दिवा मालवू देत नाहीत. शेवटच्या खाटेपाशी तिने आवाज खाली आणला, आणि आंडोर कधी येणार असे विचारले तर काय सांगावयाचे, ते शिकविले.