पत्र्याखालचा वैशाख

नाशिकहून सुरगाण्याची एसटी दिंडोरी, वणी, बोरगाव अशी जाते. वैशाखात दिंडोरीच्या द्राक्षबागांची खरड छाटणी उरकलेली असते, वेलींना कोवळी फूट आलेली असते आणि ठिबकच्या नळ्यांखालची माती ओली असते. त्याच बागांमध्ये राबून आलेले मजूर बोचकी घेऊन बसमध्ये चढले, सगळे सुरगाण्याकडचे. दुसऱ्याच्या वेलींना पाणी देऊन ते घरी निघाले होते, आणि घरी मे महिन्यात प्यायचं पाणी शोधायला लागतं.

वणी मागे पडली, सप्तशृंगीचा डोंगर दिसेनासा झाला, तसा वाराच बदलला. नाशिकचं ऊन कोरडं असतं. इथून मात्र गुजरातची सीमा जवळ, समुद्रही फार लांब नाही, त्यामुळे घाम अंगावरच राहतो. साग निष्पर्ण उभे होते. मोह आणि करंज मात्र नव्या पालवीने गच्च भरलेले. सावलीची गरज सर्वांत जास्त तेव्हाच ही झाडं हिरवी होतात, आणि पाड्यावरची माणसंही दुपारी तिथेच असतात.

मी उतरले ते उंबरठाणच्या बाजूला एका पाड्यावर. ओळखीच्या घरातल्या आजींनी आधी तांब्याभर पाणी दिलं, मग नागलीची आंबील. रात्री भिजवून आंबवलेलं पीठ सकाळी शिजवायचं, गार झालं की ताक-मीठ घालायचं. "ऊन उतरल्याशिवाय कुठं जायचं नाही, बाई," त्यांनी बजावलं. इथला दिवसच तसा बेतलेला असतो. राब भाजणं, लाकूडफाटा, मोहाच्या बिया वेचणं हे सगळं पहाटे. अकरानंतर ओटीवर बसून टोपल्या विणायच्या, बिया फोडायच्या, पडायचं. चारनंतर पुन्हा कामं.

त्या घराकडे मी दुपारभर बघत राहिले. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर नळीची कौलं, आणि छपराची वळचण इतकी खाली उतरलेली की आत शिरताना वाकावं लागतं. तापलेली हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाते, भिंतीवर ऊन पडतच नाही. डोळ्यांना काळोख वाटतो, पण अंगाला बरं वाटतं. शेजारीच मुलाचं नवं घर, सिमेंटच्या विटांचं आणि पत्र्याचं. दुपारी दोनला मी आत डोकावले आणि चटकन बाहेर आले. मुलाची बायको बाळाला घेऊन केव्हाच आजींच्या ओटीवर आली होती. पत्र्यावर त्यांनी भाताचा पेंढा आणि सागाचा पाला पसरला होता, तेवढाच काय तो आडोसा.

मग पत्रा घातलाच कशाला, असं शहरातून आलेल्याला वाटेल. कारण साधं आहे. कौलं दरवर्षी पावसाआधी चाळावी लागतात, फुटली तर तशी पुन्हा मिळत नाहीत, माकडं नाचतात आणि सुरगाण्याचा पाऊस फटीला क्षमा करत नाही. पत्रा एकदा ठोकला की पावसाळ्याची चिंता मिटते. पावसापासून वाचायचं तर उन्हात भाजायचं, अशी निवड या माणसांपुढे ठेवली गेली आहे आणि मला ती अन्यायाची वाटते. २०१०च्या उष्णतेच्या लाटेत माणसं दगावल्यावर अहमदाबादने २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा केला, पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढऱ्या रंगाने रंगवली. सीमेपलीकडच्या महानगराला जे सुचलं, ते सरकारी घरकुलाच्या अंदाजपत्रकात का बसू नये? एका डब्याचा तर खर्च.

पण पहाटे झिऱ्यावर गेले आणि छपराचं दुःख लहान वाटू लागलं. अंधारातच बायका निघाल्या. डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, हंड्यावर कळशी. ओहोळाच्या कोरड्या पात्रात हातभर खोल खड्डा, तळाशी पाणी झिरपत होतं. एकीने वाटीने भरायचं, बाकीच्यांनी थांबायचं. खड्डा रिकामा झाला की पुन्हा पाझरेपर्यंत बसून राहायचं. परतेपर्यंत ऊन चढलेलं, पायाखालचा मुरूम तापलेला. त्या चढावर मला रिकाम्या हातानेही धाप लागली. आजारी बाईला, गरोदर बाईला, दहावीतल्या मुलीलाही हाच चढ आहे. आंबील प्यावी, सावलीत बसावं, हे सल्ले पाणी घरात असणाऱ्यांसाठी असतात.

हा दुष्काळी मुलूख नव्हे. वर्षाकाठी दोन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथे. पण वर मातीचा पातळ थर, खाली बेसाल्टचा कातळ आणि तीव्र उतार, त्यामुळे ते पाणी थांबत नाही. इथली नार नदी पार नदीला मिळते आणि पार वलसाड जिल्ह्यातून अरबी समुद्राला.

झिऱ्यावरच्या एक मावशी २०१८च्या मार्चमधल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात मुंबईपर्यंत चालल्या होत्या, नाशिकपासून साधारण १८० किलोमीटर, वनहक्काच्या जमिनीसाठी. त्या मोर्चातले फोड आलेले पाय देशाने छायाचित्रांत पाहिले. मी उन्हाबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "डांबराचं ऊन वेगळं. पण रस्त्यात लोकं पाणी देत होती." २०२२च्या डिसेंबरात सुरगाण्यातल्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातला जोडा म्हटलं, तेव्हा मुंबईत खळबळ उडाली. त्या मागणीत पाण्याचं गाऱ्हाणं होतंच.

आता नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४मध्ये मंजुरी दिली आहे, सात हजार कोटींच्या वर खर्चाची. याच डोंगरातलं पाणी उपसून पूर्वेला गिरणा खोऱ्यात न्यायचं. त्या खोऱ्यातल्या कसमादे पट्ट्याची आणि जळगावची तहान खरी आहे, तिला माझा विरोध नाही. मात्र पाणी उचलणारे पंप सुरू होण्याआधी धरणांच्या वरच्या अंगाच्या प्रत्येक पाड्यावर नळ पोहोचलेला असावा, आणि तो मे महिन्यात वाहतो की नाही हे पाहूनच काम पूर्ण झाल्याचं लिहावं. पावसाळ्यातली पाहणी त्यासाठी चालायची नाही.