भांडुपच्या माळ्यावरचं फायटर प्लेन

'राहतोस कुठे?' या प्रश्नाला 'भांडुप' असं उत्तर दिलंत, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. 'म्हणजे मुलुंडच्या अलीकडे ना?' आम्हा भांडुपकरांना याची सवय झालीये. पवईला तलाव आहे, ठाण्याला गडकरी रंगायतन आहे. आमच्याकडे काय? तर इतिहास! १८४३ साली मुंबई सरकारचा चीफ इंजिनीअर जॉर्ज क्लार्क भांडुपला आला होता आणि मुंबईहून ठाणे-कल्याणकडे रेल्वे न्यायची कल्पना त्याला इथेच सुचली, असं रेल्वेचा इतिहास सांगतो. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी आमच्या दारावरूनच ठाण्याला गेली. म्हणजे मशीनवर जीव टाकायची इथली परंपरा जुनी आहे बघा!

त्याच परंपरेतला आमचा मामा. टेंभीपाड्याच्या चाळीत दहा बाय पंधराची खोली, वर लाकडी माळा आणि एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये गेलेलं अख्खं आयुष्य. त्या काळी हा रस्ता म्हणजे कारखान्यांची रांगच होती. सिएटचे टायर आजही इथे बनतात, पण एशियन पेंट्सचं रंगाचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, आणखी कितीतरी भोंगे त्याआधीच गप्प झाले. आता तिथे टॉवर आहेत. मामाच्या चाळीचाही नंबर लागला. रीडेव्हलपमेंट! महिनाअखेर खोली रिकामी करायची म्हणून मी माळा उतरवायला गेलो, तर मोडका पाळणा, पितळेची घागर आणि गणपतीच्या मखराच्या मागून थर्माकोलचं एक खोकं निघालं. आत काळाकुट्ट कीबोर्ड. झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस.

आयटीतल्या मंडळींनो, हसू नका. हा नुसता कीबोर्ड नाही, हाच अख्खा कॉम्प्युटर! ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअरने १९८२ साली स्पेक्ट्रम बाजारात आणला. त्याच्या 'प्लस' मॉडेलचा भारतातला अवतार डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने लायसन्स घेऊन १९८६ साली काढला. मॉनिटर म्हणून घरातला टीव्ही, हार्ड डिस्कच्या जागी टेपरेकॉर्डर आणि मेमरी फक्त ४८ केबी. रोज सकाळी तुमच्या मोबाइलवर आदळणारा गुड मॉर्निंगचा फोटो यापेक्षा मोठा असतो. मामाने तो १९८७ मध्ये सोसायटीचं कर्ज काढून घेतला होता. आजी त्याच्याशी आठवडाभर बोलली नव्हती म्हणे.

त्याला कारण होतं. मामाला एअर फोर्समध्ये जायचं होतं. लेखी परीक्षा पास झाला, मेडिकलला डोळ्यांनी घात केला. मग उरलं काय, तर 'फायटर पायलट'! डिजिटल इंटिग्रेशन या ब्रिटिश कंपनीचा १९८३ सालचा गेम. एफ-१५ ईगल विमान, खाली घड्याळांनी भरलेलं कॉकपिट, वर क्षितिजाची एक रेघ. रात्रपाळीहून आला की मामा टेकऑफ घ्यायचा, शत्रूची विमानं पाडायचा, पण धावपट्टीवर काही उतरता यायचं नाही. दर वेळी आपटी! १९९० च्या सुमारास टीव्ही बिघडला, लग्न झालं, कॉम्प्युटर माळ्यावर गेला.

''एकदा उतरवायचंय रे,'' मामा म्हणाला. सहज नाही म्हणाला. वर्षभरापूर्वी त्याला काचबिंदू निघालाय. कडेचं दिसणं कमी होत चाललंय. ड्रॉप्स चालू आहेत, पण गेलेलं परत येत नाही, राहिलंय तेवढं सांभाळायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

त्याची कॅसेट तर त्याच खोक्यात होती. पण मुंबईचे तीसपस्तीस पावसाळे खाऊन तिच्या पट्टीवर पांढरी बुरशी चढली होती. लावली आणि तुकडे झाले. म्हणजे आता गेम शोधणं आलं!

पहिला स्टॉप, एलबीएसवरचा भंगारवाला. त्याच्याकडे मदरबोर्ड किलोवर, कीबोर्डांचा ढीग, पिवळे पडलेले मॉनिटर. कॅसेट विचारल्यावर त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. ''पट्टी कोण घेणार साहेब? आम्ही प्लास्टिक घेतो, पट्टी फेकतो.'' चाळी खाली होतात तेव्हा पोतंभर येतात म्हणे. ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

दुसरा स्टॉप, लॅमिंग्टन रोड. स्लो लोकलने दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड. एकेकाळी इथल्या फुटपाथवर गेमच्या सीडींचे थर लागायचे. आता सीसीटीव्ही आणि राउटर. गेम नाही मिळाला, पण मशीन जिवंत करायचं सामान मिळालं. कंडेन्सर आणि नऊ व्होल्टचा अॅडॅप्टर. इथे एक लाखमोलाची टिप. स्पेक्ट्रमच्या जॅकमध्ये आतला भाग मायनस आणि बाहेरचा प्लस असतो. आपल्या नेहमीच्या अॅडॅप्टरचं बहुतेक वेळा उलटं. तो तसाच खुपसला, तर मशीनची वाट लागते. जंगल-मंगल रोडजवळच्या एका टीव्ही मेकॅनिकने वायर उलटवून दिली, कंडेन्सर बदलले आणि पैसे घेतले नाहीत. ''अशी वस्तू हातात आली, तेच खूप,'' म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, एवढी वणवण कशाला? नेटवर असेलच की! आहे ना. असे गेम लोकांनी ध्वनीच्या फाइलींत जपून ठेवलेत. मोबाइलवर फाइल लावायची, हेडफोनची वायर कॉम्प्युटरच्या 'इअर' लिहिलेल्या भोकात घालायची, बस्स. कॅसेटवर तरी काय होतं, नुसता आवाजच! माझ्या फोनला हेडफोनचं भोकच नाही, म्हणून मी स्टेशनबाहेरच्या दुकानातून कनेक्टरसुद्धा आणला. पण मामा ऐकेना. ''आपली होती तीही कॉपी आणि ही पण कॉपी. मग ओळखीची बरी!''

ओळखीची म्हणजे कुणाची? तेव्हा भांडुपमध्ये स्पेक्ट्रमवाले चौघं होते. एकाने गेम मिळवायचा, डबल कॅसेट डेकवर बाकीच्यांना कॉपी करून द्यायचा. मामाने डायरी काढली. एक कॅनडात. एक गेला. एक डोंबिवलीला, त्याचं तळमजल्यावरचं सगळं सामान २६ जुलै २००५ च्या पुरात वाहून गेलं. चौथा दातार कॉलनीत, भांडुप पूर्वेला. म्हणजे रुळांच्या पलीकडे. चालत पंधरा मिनिटं. आणि दोघांची भेट होऊन अकरा वर्षं झालेली!

रविवारी आम्ही पूल ओलांडून पूर्वेला गेलो. पश्चिमेच्या गर्दीतून इकडे आलात की भांडुप आवाज कमी करतं. जुन्या तीन मजली बिल्डिंगी, झाडं, पुढे हायवे आणि त्यापलीकडे पंपिंग स्टेशनकडचा खाडीचा भाग, जिथे थंडीत फ्लेमिंगो बघायला लोक कॅमेरे घेऊन येतात. काकांनी दार उघडलं, मामाला बघितलं आणि पहिलं वाक्य काय? ''बिल्डरने तुलाही काढलं का रे?''

पोहे झाले, गुडघ्यांची चौकशी झाली. मग काका स्टुलावर चढायला निघाले, काकूंनी दटावलं, मी चढलो. माळ्यावर बुटांच्या खोक्यात बारा कॅसेटी, प्रत्येक प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत चुन्याच्या पुड्या. दमट हवेवर हा त्यांचा उपाय! एका कॅसेटवर 'गीतरामायण' लिहून खोडलेलं आणि खाली बॉलपेनने 'फा. पायलट'.

''घेऊन जा. आमचीही मीटिंग झालीये सोसायटीची,'' काका म्हणाले. ''नवीन फ्लॅटला माळा नसतो. ही म्हणते, एवढा पसारा ठेवणार कुठे?''

तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. भंगारवाल्याकडची ती पोती अशाच माळ्यांवरून आलेली. लायब्ररी नाही, म्युझियम नाही, आपल्या उपनगरांचं जे काही जपलं गेलं ते माळ्यांवर. आणि आता मुंबईभर माळेच उतरताहेत.

संध्याकाळी टेंभीपाड्यात खेळ सुरू. टीव्ही माझा, एलईडी. मुंबईत केबल डिजिटल झाली २०१२ मध्ये, त्यानंतर घरात कुणी अॅनलॉग चॅनेल शोधलं नव्हतं. सर्च लावला आणि ३६ नंबरच्या चॅनेलवर सिंक्लेअरची ओळ उमटली. लोडची कमांड दिली, टू-इन-वन चालू केला. किंऽऽऽ असा आवाज, कडेला लाल-निळसर पट्टे, मग निळे-पिवळे. पाच मिनिटं श्वास रोखून बसायचं. आणि शेवटी... 'टेप लोडिंग एरर'. एकदा. दोनदा. तीनदा.

मी गुपचूप फोन आणि कनेक्टर बाहेर काढला. मामाने हात केला, थांब. बारका स्क्रूड्रायव्हर घेतला, टेपच्या हेडशेजारच्या स्क्रूला लावला आणि डोळे मिटले. रेकॉर्ड करणाऱ्या डेकचं हेड आणि आपलं हेड यांचा कोन जमला नाही, तर आवाज दबका येतो आणि कॉम्प्युटरला कळत नाही. मामा पाव आटा फिरवत होता, ऐकत होता. अख्खं आयुष्य मशीनचे आवाज ऐकून बिघाड ओळखणारे कान ते! आवाज एकदम धारदार झाला. ''लाव आता.''

लोड झाला! शत्रूबित्रू काही नको, त्याने थेट लँडिंगची प्रॅक्टिस घेतली. पहिल्यांदा आपटला. दुसऱ्यांदा धावपट्टीच्या आधीच टेकला. तिसऱ्यांदा टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढली. कडेचं दिसत नव्हतंच, पण धावपट्टी असते मधोमध. चाकं खाली, फ्लॅप्स, वेग कमी, आणखी कमी... टेकलं. वेगाचा आकडा शून्यावर आला. मामी चहा घेऊन उभी होती, तीही काही बोलली नाही. मामाने दातार कॉलनीला फोन लावला. ''उतरलं रे!''

खोली तीस तारखेला रिकामी झाली. स्पेक्ट्रम सध्या माझ्याकडे आहे, काकांच्या बाराही कॅसेटी मी लॅपटॉपवर उतरवून घेतल्यात आणि खोकं त्यांना परत केलंय. तुमच्या घरी माळा असेल, तर या रविवारी एकदा वर चढाच. भंगारवाला सोमवारीही येतो!