शेवटचा शिक्का

परवा एका कलमापाशी मी बराच वेळ अडकून पडलो. खासगी वाहनं तात्पुरती परदेशी नेण्याबद्दल १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये एक करार झाला, त्यातलं ते कलम. पाहुणी गाडी अपघातात पार मोडली तर ती परत न्यायची सक्ती नाही. पण तीन वाटांपैकी एक धरावी लागते. आयातकर भरायचा, नाहीतर त्या देशाच्या तिजोरीला तोशीस न लावता गाडी सरकारला सोपवायची, नाहीतर अधिकाऱ्याच्या देखत, स्वतःच्या खर्चानं ती नष्ट करायची.

अधिकाऱ्याच्या देखत. म्हणजे गाडीच्या शेवटाला कुणीतरी हजर पाहिजे.

१९५२ साली अर्नेस्तो गेव्हारा, म्हणजे पुढचा चे, आणि आल्बेर्तो ग्रानादो अर्जेंटिनातून निघाले ते ग्रानादोच्या ५०० सीसी नॉर्टनवर. तिचं नाव ‘ला पोदेरोसा’. चिलीत तिनं मान टाकली, ट्रकमधून ती सान्तियागोपर्यंत आली आणि तिथंच राहिली. चेचं पुढचं आयुष्य जगाला पाठ आहे. मला काळजी लागून राहते ती नॉर्टनची. सरहद्दीवरच्या वहीत ती चढली असेल, तर तिथून तिला उतरवलं कुणी?

माझ्या मामेभावाची येझदी रोडकिंग होती, एमएच ०९. टू-स्ट्रोक इंजिनाचा तो ढिल्या ढोलासारखा आवाज मला अजून हवाहवासा वाटतो. नव्या गाड्या फार सभ्य झाल्यात. तीच घेऊन आम्ही नेपाळला गेलो होतो. भारतीय नंबरच्या गाडीला नेपाळात शिरताना भन्सार, म्हणजे तिथलं कस्टम, करावं लागतं. दिवसांच्या हिशेबानं पैसे भरायचे आणि पावतीवरची मुदत संपायच्या आत गाडी बाहेर काढायची. पोखऱ्याहून सिद्धार्थ राजमार्गानं परतताना वालिंगजवळ कनेक्टिंग रॉड तुटला आणि क्रँककेस फोडून बाहेर आला. मिस्त्रीनं टॉर्च मारून पाहिलं, मान हलवली.

टाकी, चाकं, हेडलाइट घ्यायला तिथंच गिऱ्हाईक उभं राहिलं. रक्कमही बरी होती. दादा म्हणाला, ‘अरे, इथं विकली तर यांच्या वहीत ती आत आलेली आणि बाहेर न गेलेली गाडी. आपल्या आरटीओत चालू गाडी. उद्या तिचा नंबर लावून कुणी काही केलं, तर पोलीस माझ्या दारात.’

पिकअप ठरवला. दोरांनी बांधून तिला तानसेन, बुटवल, भैरहवा करत खाली आणलं. पावसानं रस्ता जागोजाग खचलेला. दादा पुढं केबिनमध्ये बसेना. मागं गाडीशेजारी उभा राहिला, वळणावर तिचं हँडल धरून. पावती त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवली होती. सरहद्दीवर बेलहियाच्या भन्सार अधिकाऱ्यानं गाडी चालू होते का, हे विचारलंच नाही. वाकून चासी नंबर वाचला, कागदाशी जुळवला, शिक्का मारला. मग ढकलत सुनौली. गोरखपूरला टाकी रिकामी करून ती रेल्वे पार्सलात चढवली.

घरी आल्यावरही दादानं भंगारवाल्याला लगेच बोलावलं नाही. गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत, किंवा होईल तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी बुक जमा करायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. दादानं आधी ते केलं.

नेपाळात पावतीवर भागतं; इराण, इजिप्तकडे निघालेल्यांना कार्ने, म्हणजे गाडीचं कस्टमपुस्तक, लागतं. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते. त्यात दर देशाच्या पानावर एक शिक्का आत येतानाचा, एक बाहेर पडतानाचा. दुसरा नसेल, तर तिथलं कस्टम कर मागतं आणि तो आपण ठेवलेल्या हमीतून वळता होतो. काही देशांसाठी ही हमी गाडीच्या किमतीहून मोठी असते.

रस्त्याकडेला गाडी टाकून, पाठीला पिशवी लावून निघून जाणारा प्रवासी सिनेमात शोभतो. मला तो आवडत नाही. गळणारं तेल, बॅटरीतलं शिसं आणि बेवारस नंबर तो अशा गावाच्या गळ्यात घालतो, ज्यानं त्याला पाणी पाजलेलं असतं. जिच्या पाठीवर बसून आपण देश पाहिला, तिच्यासाठी एका कचेरीच्या बाकावर दिवसभर बसणं काही फार नाही.

म्हणून सीमेपार गाडी नेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. गाडी कायमची बसली, तर भंगारवाल्याच्या आधी कस्टमचं कार्यालय गाठा. आणि ती बाहेर गेल्याचा, सोपवल्याचा किंवा नष्ट केल्याचा शिक्का असलेला कागद हाती पडल्याशिवाय तिथून हलू नका.