पडवीतले दहा मीटर

मैत्रिणींनो, मोकळी जागा कशाला वापरायची यावरून वाद झाला नाही असं घर विरळाच! आमच्या नाशिकच्या घराला बाजूने लांबट पडवी आहे, चांगली साडेतेरा मीटर. ती बंद करून भाड्याने द्यावी, असं सासूबाईंच्या मनात. आणि कॉलेजात जाणाऱ्या आमच्या मुलीला तिथे हवी होती एअर रायफलची रेंज!

"उद्या मुलीला बघायला आले, तर त्यांना काय बंदुका दाखवायच्या?" सासूबाई म्हणाल्या. हे गप्पच.

मी म्हटलं, का नाही? २००० साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी अंजली भागवत आपलीच. २०१७ साली गेलेले भीष्मराज बाम इथे नाशिकलाच नेमबाजांना एकाग्रता शिकवत. नाशिकला शिकलेल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ब्राँझ मिळवलं. २००८चा सुवर्णविजेता अभिनव बिंद्रा तर घरच्याच रेंजवर घडला.

तुमच्याकडे कुणी हट्ट धरलाच, तर एवढं पाहा. नेमबाज ते लक्ष्य अंतर १० मीटर, शिवाय उभं राहायला मागे जागा. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर. मागे भक्कम विटांची भिंत, पुढे छर्रे अडवणारी लोखंडी पेटी. मधे दार-खिडकी उघडत असेल, तर ती कायमची बंद करा. ४.५ मिलिमीटरच्या, २० जूलपेक्षा कमी शक्तीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तरी आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. काडतुसाच्या बंदुकीचा मात्र घरी विचारही नको.

आमच्याकडे खरी अडचण निघाली ती वेगळीच. धाकट्या जाऊबाईंचं बाळ रांगतं, आणि छर्रे शिशाचे! शिसं पोटात गेलं तर मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो. जाऊबाई रडकुंडीला आल्या. त्यांची भीती खोटी नव्हती. तेव्हा मी लेकीला स्पष्ट सांगितलं, "बाळ मोठं होईपर्यंत घरात छर्रा नाही. छर्रे क्लबात."

दोन दिवस अबोला. मग तिच्या शिक्षकांनीच सांगितलं, की नेमबाजांचा कितीतरी सराव बिनछर्‍याचाच असतो: उभं राहणं, श्वास, नेम, हलकेच चाप दाबणं. स्पर्धेच्या रायफलला तशी सोय असते. आता रोज पहाटे तासभर तेच चालतं. रायफल कुलपात, किल्ली माझ्या कमरेला. क्लबातून आली की आधी साबणाने हात धुवायचे, कपडे बदलायचे, मगच बाळाला घ्यायचं.

भाडं बुडालं ते बुडालंच. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही. पण मुलीची हौस आणि बाळाची काळजी, दोन्ही एका छपराखाली सांभाळायची तर कुणीतरी नियम घालायला हवा. तो आपणच घालावा, बायांनो, आणि आधी आपणच पाळावा!