बोगस कोण?

लबाडीला आपल्या भाषेत शब्दांचा तोटा नाही. खोटा, नकली, बनावट, लुच्चा, फसव्या. तरी एक इंग्रजी शब्द आला आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसला. बोगस. रेशनकार्ड बोगस, मतदार बोगस, डॉक्टर बोगस, बियाणं बोगस, दाखला बोगस. पिक्चर पडला तरी पोरं म्हणतात, एकदम बोगस. माझ्या आईला अक्षर येत नाही, पण बोगस म्हणजे काय ते तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मी नववीत शाळा सोडली. सूतगिरणीत लागलो. इंग्रजी शिकलो ते रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेल्या डिक्शनरीतून. त्यामुळं शब्द हातात घेऊन उलटापालटा करून बघायची खोड लागली. बोगस असाच बघितला.

खोटा माणूस बोलण्यात खोटा असतो. नकली सोनं घासलं की कळतं. पण बोगस व्हायला कागद लागतो. शिक्का लागतो, सही लागते, रजिस्टर लागतं. बियाणंसुद्धा बोगस ठरतं ते पिशवीवरच्या छापामुळं. रानात राबणाऱ्या बाईला गावात कुणी बोगस म्हणत नाही. ती कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली की म्हणतात. खिडकीच्या आतला बाहेरच्याला म्हणतो, असा हा शब्द आहे.

आता या शब्दाची जन्मकथा ऐका. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पेन्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथं १८२७ साली खोटी नाणी पाडणारी टोळी सापडली. त्यांच्याजवळ नाणी पाडायचं यंत्र होतं. त्या यंत्राला लोक बोगस म्हणाले. खोट्या नाण्यालाही बोगस म्हणत, आणि पुढं कुठल्याही खोट्या गोष्टीला. त्याच्या आधी हा शब्द कुठून आला यावर पंडितांचं एकमत नाही. म्हणजे या शब्दाकडंच आपल्या वंशाचा पुरावा नाही. पडताळणीला गेला तर पहिला हाच बाद होईल!

पण दोस्तांनो, हसून सोडू नका. बोगस हे यंत्राचंही नाव होतं. नुसत्या नाण्याचं नव्हतं. आपण यंत्र विसरलो आणि नाणं धरून बसलो.

माझ्या गिरणीचंच सांगतो. ठेकेदाराच्या मस्टरवर अशी नावं होती, की ज्यांना आम्ही कधी बघितलं नाही. ना पाळीला, ना चहाच्या टपरीवर. त्यांची हजेरी रोज भरायची. आणि आम्ही काहीजण रात्रपाळीत साच्यापुढं उभं, नाकातोंडात कापूस, आणि आमची नावं मस्टरवर नाहीत. एकदा तपासणीला साहेब येणार म्हणून बोभाटा झाला. मुकादम पळत आला. म्हणला, "मस्टरवर नाव नसलेले मागच्या गेटानं बाहेर व्हा. बोगस कामगार सापडले तर माझी नोकरी जाईल." ज्याला नाव आहे त्याला अंग नाही, ज्याला अंग आहे त्याला नाव नाही. आणि बोगस कोण? तर अंग असलेला. घाम गाळलेला. मस्टर लिहिणाऱ्या हाताला कुणी बोगस म्हणलं नाही.

धाकटी बहीण जातपडताळणीला फाईल घेऊन गेली. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा पाहिजे. ज्या आज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याचं नाव शाळेच्या रजिस्टरात कुठून आणायचं? खिडकीतला म्हणला, "काय गं, बोगस तर नाही ना?" बहीण म्हणली, "साहेब, जात बोगस असती तर आज्यानं मेलेली ढोरं कशाला वढली असती?" खिडकीतला गप्प झाला. फाईल मात्र पुढच्या तारखेलाच सरकली.

पडताळणी नको असं मी म्हणत नाही. आपल्या वाट्याच्या जागा खोट्या दाखल्यांनी पळवल्या, म्हणून तर १९९४ साली सुप्रीम कोर्टानं पडताळणी समित्या नेमायला सांगितल्या. महाराष्ट्राचा कायदा २००० सालचा, लागू झाला २००१ ला. त्यात खोटा दाखला घेणाऱ्याला शिक्षा आहे, आणि जाणूनबुजून देणाऱ्या अधिकाऱ्यालाही आहे. २०१७ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, दाखला खोटा ठरला तर नोकरीही जाईल. मग २०१९ ला सरकारनं काय केलं? अनुसूचित जमातीचे दाखले अवैध ठरलेल्या नोकरांना अकरा महिन्यांसाठी अधिसंख्य पदावर ठेवलं. बघा, केवढा सभ्य शब्द! अधिसंख्य. मस्टरबाहेरचा मजूर बोगस, आणि दाखला बाद झालेला नोकर अधिसंख्य.

आणि आपला तर धर्मच या शब्दात अडकवला होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडलं. मधली चौतीस वर्षं फॉर्मवर बौद्ध लिहावं तर सवलत जाते, जुनी जात लिहावी तर धर्म खोटा पडतो. माणूस तोच, भूक तीच. त्याच्यापुढं असा फॉर्म ठेवला, की खरं लिहिलं तरी तो कुठंतरी खोटाच ठरावा. यालाच मी यंत्र म्हणतो.

म्हणून सांगणं एवढंच. मोर्चात, निवेदनात, सभेत हा शब्द वापरा, पण पुरा वापरा. बोगस दाखला म्हणालात की विचारा, सही कुणाची? बोगस मजूर म्हणालात की विचारा, मस्टर कुणाच्या हातात? नाणं सापडलं म्हणून टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. ते पाडणारं यंत्र अजून चालू आहे, आणि त्याला तेल घालणाऱ्यांची नावं अजून कुठल्याच यादीत आलेली नाहीत.